डाव्या विंगेतून

मंडई उठली. पटाचे बैल घरी गेले.
पुंजण्यांवर दंव बसू लागलं,
आणि रात्री साडेदहाला, कापणी झालेल्या बांधीत,
आमच्या कोसमटोल्यात पडदा वर गेला:
'हिरागढचं बंड', अंक तीन, ऐतिहासिक.

मी मुखरू भर्रे, शाळेचा रिटायर चपराशी.
डाव्या विंगेत पालथ्या पिप्यावर बसतो,
गुडघ्यावर वही, काखेत बॅटरी.
राजा बोलतो ते आधी मी बोलतो.
बंडखोर बोलतो तेही.
बावीस वर्षं झाली,
दोन्ही फौजांत माझीच फितुरी.

राजा म्हणजे उष्टूजी ठेंगरी.
गढीला वेढा घालणारा धाकटा कुंवर
म्हणजे त्याचाच पाठचा भाऊ, आडकू.
बोडीच्या पाण्यावरून सात पावसाळे अबोला.
धुऱ्यावर समोरासमोर आले
तर एक जण बिडी पेटवत उभा राहतो
दुसरा पार होईस्तोवर.
स्टेजवर मात्र बोलतात.
वर्षातून एक रात्र, माइकसमोर, हातवारे करून,
"बंधो!" म्हणतात एकमेकांना.
तो शब्द मी फुंकलेला असतो.

राजमाता वडश्याहून ठरवलेली. पुस्तकला.
अठराशे रुपये, जायची-यायची गाडी,
केसांना पावडर लावून म्हातारी झालेली,
दोन्ही लेकांपेक्षा वीस वर्षांनी लहान.
तिला ना बोडी ठाऊक, ना धुरा.
ठाऊक एवढंच, की तिसऱ्या अंकात
मध्ये पडायचं आणि रडायचं.

तिसरा अंक. कुंवर साखळदंडात.
(साखळी बैलाची, आडकूच्याच गोठ्यातली.)
मी फुंकलं: "या राजद्रोह्याचा कडेलोट करा!"
उष्टूजी गप्प.
पुन्हा फुंकलं, जरा मोठ्यानं.
पुढे बसलेल्या पोरांनी ऐकलं, फिदीफिदी हसली.
उष्टूजीनंही ऐकलं होतं.
त्याचा कान मी ओळखतो.

मग तो बोलला. राजाचा आवाज नव्हता तो.
"बोडीचं पानी कोनाच्या बांधीत गेलं, आडकू?"

ऑर्गनवाल्याचं बोट पट्टीवर राहून गेलं,
एकच सूर लांबत राहिला,
दूर कुठे गाडीच्या बैलानं मान हलवली.

आडकूनं वर पाहिलं. दाढीचा डिंक एका बाजूनं सुटलेला.
"पानी उताराकडं जाते, महाराज."
थांबला.
"उतार मी नाही केला."

वही हातात होती.
मी पान मागे उलटलं, पुढे उलटलं.
आता काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.
मलाच कोणी तरी फुंकायला हवं होतं.

पुस्तकला मध्ये आली. रडली नाही.
"मी अजून जिती आहे," म्हणाली,
"मग वाटण्या कोनं केल्या रे?"

परगावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.
आमच्या गावानं नाही.
ज्या साली ठेंगऱ्यांची म्हातारी गेली
त्याच साली, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी,
बांधीत दोरी पडली होती.
हे त्या पोरीला कोण सांगणार?

उष्टूजीनं मुकुट काढला,
कपाळ खाजवलं,
पुन्हा घातला.
"कडेलोट," म्हणाला.
नाटक पुढे गेलं.

पहाटे साखळीचं कुलूप उघडेना.
किल्ली पेंढ्यात कुठे तरी पडलेली.
उष्टूजी आला, मेकअप अर्धा पुसलेला,
तट्ट्याचा खिळा उपटून
खाली बसून कुलूप खाटखुट करत राहिला बराच वेळ.
आडकू हात पुढे करून उभा.
बोललं कोणीच नाही. कुलूप सुटलं.
घरी गेले, एकाच धुऱ्यानं, वीस पावलांचं अंतर ठेवून.
बिडी पेटवायला कोणी थांबलं नाही.

पुढच्या मंडईला हेच नाटक आहे.
पेन्सिल घेऊन बसलो होतो मी काल,
त्या चार ओळी वहीत घालाव्या म्हणून.
नाही घातल्या.
त्या जागी आले की
मी बॅटरी बंद करीन.