दुसरी फेरी

पहिली फेरी मोबाइलवर झाली होती,
स्वयंपाकघरात, मागे चादर टांगून,
कुकरची शिट्टी नको म्हणून गॅस बंद ठेवून.
ही प्रत्यक्ष. बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
"सीनियर मॅनेजर स्वतः भेटतील,"
फोनवरची मुलगी म्हणाली,
जणू स्थळ पुढे सरकलंय.

घड्याळ वन्संचं. पर्स माझी, पण आतली फाइल लेकीची,
कोपऱ्यात शिंगवाल्या घोड्याचं स्टिकर.
बसमध्ये नखाने खरवडलं.
शिंग तेवढं राहिलं.

वहीत नाव लिहिलं: हेमांगी घाडीगावकर.
रकान्यात मावलं नाही.
'कर' शेजारच्या 'कोणाला भेटायचे'मध्ये जाऊन बसला.

पद्मनाभन साहेब.
पांढऱ्या भुवया, अर्ध्या बाह्यांचा शर्ट,
मराठी माटुंग्याचं, जपून वापरलेलं.
टेबलावर पितळी पेपरवेट, जहाजाच्या आकाराचा,
त्याखाली एकही कागद नाही.

"मधली सहा वर्षं काय केलंत?"
पाठ केलेलं उत्तर होतं: कौटुंबिक जबाबदाऱ्या.
म्हणता म्हणता सासऱ्यांची नळी आठवली,
रात्री दोनला, दिवे गेलेले,
पेटता मोबाइल दातात धरून बदललेली.
ते "हं" म्हणाले.
लिहून काही घेतलं नाही.

मग ड्रॉवरमधून एक कागद.
झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळवंडलेल्या.
"यात एक चूक आहे. शोधा. घाई नाही."
म्हणजे घाई होती.

बिल ऑफ लेडिंग.
डोक्याच्या आधी बोटांनी ओळखलं.
नेट वजन ग्रॉसपेक्षा जास्त,
म्हणजे खोक्यांचं वजन शून्याच्याही खाली.
सांगितलं. ते हसले, "बहुतेकांना सापडतं,"
आणि कागद परत घ्यायला हात पुढे केला.

तिथंच थांबायला हवं होतं.
पण सहा वर्षं औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा वाचून
डोळ्यांना खोड लागलीय.
"साहेब, आणखी एक."
माल चढवला: चौदा तारीख.
जहाज धक्क्याला लागलं: एकोणीस.
मधले पाच दिवस
माल कशावर चढून बसला होता?

खाली सही होती. शेवटची रेघ खाली ओढलेली.
तीच सही माझ्या फाइलमध्ये,
आजच्या बोलावण्याच्या पत्रावर, शिंगाशेजारी.
हे मात्र मला बोलून झाल्यावर दिसलं.

एसीचं पाणी बाहेर कुठल्याशा पत्र्यावर पडत होतं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही,
नुसता धरून ठेवला.
"अकरा वर्षं हा कागद देतोय मी," म्हणाले,
"वजनाच्या पुढे कुणी गेलं नाही."
कुणी जावं म्हणून देत होतात,
की जात नाही ना हे बघायला?
विचारलं नाही. नोकरी हवी होती.

कागदाची त्यांनी घडी घातली, आणखी एक घातली,
आणि ड्रॉवर उघडाच ठेवून
खिशात टाकला.
मग बेल. "दोन चहा."

पगार, शनिवार, यायची वेळ,
कशावरच बोलणं झालं नाही.
त्यांनी पेपरवेटचं नाक खिडकीकडे वळवलं,
पुन्हा माझ्याकडे.
"साखर बरोबर आहे?"
"हो, बरोबर."
साखर नव्हतीच.

खाली दगडी कमानीत एक पोरगा
टायची गाठ सोडत होता, दातांनी,
त्याचीही कुठली तरी फेरी.
मी उगाच त्याच्याकडे बघून मान हलवली.

सासूबाईंचा फोन.
"काय म्हणाले?"
"कळवतील."
"आणि?"
"चहा दिला."
पलीकडे जरा शांतता. मग,
"ग्लासात का कपात?"

कपात, म्हटलं.
बशीसकट.