हवा थोडी कमी

पिंटोंचा आल्विन दुबईला गेला तेव्हा
ही सायकल आमच्या जिन्याखाली सोडून गेला.
म्हणाला, आंटी, नऊ हजारांत घ्या,
हिची चाकं बर्फासाठी असतात.
बर्फ मी पाहिलाय तो फ्रीजच्या वरच्या खणात,
महिन्यातून एकदा उलथण्यानं खरवडताना.
पण घेतली.
एकोणपन्नासाव्या वर्षी बाई काय काय घेते
याची पावती पाणीपट्टीच्या खिडकीवर मागत नाहीत.

जानेवारीत ठाण्याला जी येते
तिला थंडी म्हणायचं ते कौतुकानं.
उपवनच्या तळ्यावर थोडी वाफ,
आणि अकरा महिने डांबरगोळ्यांशेजारी झोपलेल्या
कानटोप्या फिरायला निघालेल्या.
नाक्यावरचा गार्ड चाकाकडे बघतो, मग माझ्याकडे,
पुन्हा चाकाकडे.
"मोटर आहे का?"
"नाही. मीच आहे."

येऊरचा चढ मी सायकल ढकलत चढते, लाज सोडून.
हेल्मेटवाली पोरं बाजूनं सुळकन वर जातात,
पाठीवर नळी लावलेलं पाणी.
जाऊ देत.
माझी वाट पुढची, पाड्यामागून वळणारी,
सपाट, सोपी,
जिथे साग आपल्या पानांच्या थाळ्या टाकून मोकळा होतो.
जाड चाक त्यांच्यावरून जातं
आणि अख्ख्या पंगतीनं एकदम पापड मोडावा
तसा आवाज होतो.
मग मीच थांबते. पंगतही थांबते.
लांब कुठे भृंगराज
दुसऱ्याच पक्ष्याच्या आवाजात बोलत असतो.

ओढ्यात नुसती रेती. पाणी दिवाळीतच गेलेलं.
तिथं चाक भिरभिरलं, रुतलं, आणि मी पडले,
बाजारात पिशवी फाटावी तशी, सगळीकडे.
उठले तेव्हा समोर एक बाई,
डोक्यावर लाकडाची मोळी,
हसू दाबलेलं, पण पुरतं नाही.
मोळी ऐनाला टेकवून ती खाली बसली,
अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं, पपई पाहावी तसं.
"लय टणक गं.
टणक पाय रेतीत ठरत नाय."
आणि स्वतःचं पाऊल वर करून दाखवलं:
रुंद, भेगाळ,
पाची बोटं पाच भावांसारखी वेगळी निघालेली.

केसातली पिन काढून मी व्हॉल्व्ह दाबला.
फुस्स्.
आल्विनच्या वेळची हवा असेल ती,
कोपऱ्यावरच्या पंपाची, भरभरून, फुकट.
"अजून," ती म्हणाली. "अजून थोडी."
चाक बसकं झालं, जमिनीला पोट लावून,
आणि ओढा असा ओलांडला
की मागे वळून पाहावं लागलं, खरंच ओलांडला का.

नाव विचारलं.
सोमी. माहेर जव्हारकडे.
आडनाव?
"बरफ."
मी पुन्हा विचारलं.
ती पुन्हा बरफच म्हणाली,
आणि मी एवढी का हसतेय ते कळेना
तरी माझ्याबरोबर हसली,
मग मोळी उचलून वर्तकनगरच्या बाजूला
निघून गेली, तिच्या रोजच्या वाटेनं,
जिला मी सोपी म्हणते.

परतताना धुळीत माझीच नक्षी,
खडबडीत, साखळीच्या टाक्यासारखी.
तिच्यावर चार बोटं आणि एक गादी.
नखं नाहीत.
कडेची धूळ अजून ढासळली नव्हती.
मी जाताना हे नव्हतं.
घंटीवरचा अंगठा मी हळूच काढून घेतला.
केवढं वजन असेल,
आणि ठसा मात्र
कणकेवर कुणी तळवा ठेवून उचलावा तेवढाच.
पुढे सात-आठ पावलं
ती माझ्या नक्षीवरूनच चालली होती.
मग करवंदीत वळली.

नाक्यावर गार्डनं विचारलं,
"दिसलं का काही?"
"पाय दिसले."
"कुणाचे?"
मी जरा थांबले.
"दोघींचे."
त्यानं वहीत लिहिलं:
सायकल एक, परत.