खुर्चीची उंची

त्रिएस्तेत, बंदरासमोरच्या विमा कंपनीत
तिसऱ्या मजल्यावर आम्हा दोघींत एक टेबल.
मी दुपारी चारला येते, कधी पाचला,
बुडालेल्या, भिजलेल्या, वाटेत हरवलेल्या मालाचे दावे तपासते.
बाकीचे घरी गेले की माझं डोकं
जुन्या ट्यूबलाइटसारखं दोनदा लुकलुकतं
आणि मग लख्ख लागतं.
दोनला दिवा मालवते.

नीवेस साडेपाचला येते.
सात वर्षांत तिला चारदा पाहिलं असेन.
पण रोज खुर्चीत बसले की पाय अधांतरी,
दांडा ओढून स्वतःला चार बोटं खाली उतरवताना
मनात म्हणते, येऊन गेली उंच बाई.
कीबोर्डात तिच्या बिस्किटाचा चुरा.
माझ्या कपाचं वर्तुळ तिला रोज सापडत असणार.

कोस्सुत्तासाहेबांना नीवेसचं फार कौतुक.
पाच चाळीसला तिची मेल येते: काय ही शिस्त!
एक चाळीसला माझी: "ओंदिना, तब्येत बरी आहे ना?"
जानेवारीत दोन्ही वेळांना खिडकीत
तोच काळोख असतो,
तेच दीपगृह फिरत असतं.

म्हणून मी लबाडी शिकले.
लिहायचं रात्री, आणि यंत्राला सांगायचं,
सकाळी सहा दहाला पाठव.
वर्षभरात बढती मिळाली.
घुबडाने कोंबड्याचा तुरा लावला
आणि कुणी काही विचारलं नाही.

मग फेब्रुवारीत बोरा सुटला,
आमच्याकडचा तो वारा, माणसाला खांबाला मिठी मारायला लावणारा.
बस बंद. मी कोटाची उशी करून
फायलींच्या कपाटाशी आडवी झाले, झोप कसली.
चारला दार वाजलं.
नीवेस. केसांचं घरटं झालेलं, ओठ निळे.
"आज इतक्या लवकर?"
"लवकर कुठली? माझी कालचीच रात्र संपायची आहे.
आई झोपू देत नाही, रात्रभर हाका मारते.
भाऊ पाचला येतो तेव्हा मी सुटते.
वाऱ्यामुळे तो काल घरीच अडकला, म्हणून आज आधी निघाले.
इथे कसं, कुणी हाक मारत नाही."

मला वाटायचं, ती पहाटेची आहे.
जन्मतःच. तिळ्या बहिणींसारखी,
ती, पाववाला आणि सूर्य.

खुर्ची एकच. तिला म्हटलं, बस.
ती माझ्याच उंचीवर बसली,
गुडघे पोटाशी आल्यासारखे.
दांडा ओढायचंही सुचलं नाही तिला,
मान कलली, ती गेलीच.

मी उभ्यानेच तिचा पहिला दावा उघडला:
सांतोसहून निघालेली कॉफी, चारशे पोती,
खाऱ्या पाण्याने नासलेली.
हिशेब केला, दोनदा ताडला,
पाच चाळीसला तिच्या नावाने पाठवला.

सातला साहेबांचं उत्तर आलं:
"वा, नीवेस! नेहमीसारखी ताजीतवानी."

ती घोरत होती.