अक्षरामागे नऊ रुपये

नगरपंचायत झाली तसा बोडीटोल्याला
इतिहास लागतो असं ठरलं.
तळ्याच्या पाळीवर, सलंगाच्या अलीकडे,
चार बाय सहाचा पत्रा, निळा ऑइल पेंट,
वर पांढरी अक्षरं. अक्षरामागे नऊ रुपये.
काना, वेलांटी, उकार फुकट.
जोडाक्षरावरून वाद झाला.
मी म्हटलं, क्षेत्रफळातल्या 'क्षे'ला हात तीनदा वळतो.
लंजेबाबू म्हणाले, वळू दे, पैसे एकदाच.

मजकूर त्यांनी कार्बनवरचा दिला, फिका:
क्षेत्रफळ, सिंचन क्षमता,
पोहण्यास सक्त मनाई आहे.
आणि मधे एक ओळ,
'हा तलाव' यापुढे टिंबं टिंबं, मग 'यांनी बांधला'.
"ती जागा तूच भर, पेंटर.
गावातली भिंतन् भिंत तुझी."

भिंती माझ्या खऱ्या.
खताची पोती, निवडणुकीचे पंजे आणि विळे,
एका पडलेल्या उमेदवाराचं नाव तर
नऊ वर्षं झाली, अजून धुऊन जात नाही.
पण तळ्याला भिंत नसते.

देवाजी कापगते ओसरीवर सुपारी कातरत होते.
"कोनं म्हंजे? आमच्या खापरपंज्यानं.
राजानं बलावलं तवा आला.
जमिनीवर आडवा पडे, गाल मातीले लावे,
अन् सांगे, पानी इकून जाइन."
मग सुपारीच्या खांडांनी त्यांनी
चटईवर पाळ घातली, तुडूम बसवलं,
सलंगाला एक खांड कमी पडलं
ते तोंडातून काढून ठेवलं.

तुकडू मडावी शेळ्या मोजत होता, बोलला मोजता मोजता:
"बारा. राजा आमचा, रान आमचं.
तेरा. पाळीवरच्या मोहाखाली देव हाये.
त्याचं नाव इचारू नोको,
ते बोर्डावर लिवाचं नाव नोहे.
आता पाह्य, गिनती चुकली."

सकुबाई नान्हे सोसायटीच्या काट्याजवळ
जाळ्याचं भोक सांधत बसलेली.
तिनं वर पाह्यलंच नाही.
"बांधला कोनं ते मले का मालूम?
माती त बायाईनंच वायली असन ना?
डोक्यावरच्या चुंभरीचं नाव लिवतेस का?
नाई ना? मंग राहू दे.
मासे इचार. मासे सांगतो मी."

मी परत पाळीवर आलो.
बेशरमाची झाडं बचतगटाच्या बायकांनी उपटलेली,
त्या जागी देवधान लावलेलं, नुकतं धरलेलं.
लांब, धानाच्या बांधीत, सारसाची जोडी
आपल्याच सावलीला चोच लावून उभी.
मी शिडीवर चढलो
आणि पोहण्यास सक्त मनाई आहे लिहिलं,
सगळी मिळून बारा अक्षरं,
याच तळ्यात म्हशीचं शेपूट धरून
पोहायला शिकलेल्या हातानं.
खाली चार पोरं कपडे काढून वाचत होती.
'आहे'चा मात्रा ओला होता तोवर
चौघंही पाण्यात.

टिंबं मी टिंबंच ठेवली.
टिंबाचे पैसे नाहीत, लंजेबाबूंना चाललं.
"नंतर भरता येईल," म्हणाले,
आणि फटफटीला किक मारली.

डब्यात बोटभर पांढरा उरला होता.
पत्र्याची मागची बाजू रस्त्यावरून दिसत नाही,
ती पाण्याकडे आहे,
डोंग्यात बसलेल्या माणसालाच दिसेल.
सकुबाईला हाक मारली. तिनं सांगितलं, मी लिहिलं:
मरळ
दाडक
कटवा
शिंगूर
वाडीस
तिला वाचता येत नाही,
पण 'शिंगूर'वर बोट ठेवून म्हणाली,
याले मिशा देल्ल्यास, बरं केलं.

"किती झाले?"
"पंधरा अक्षरं. एकशे पस्तीस रुपये."
ती हसली, काटा उचलला,
पारड्यात ओले झिंगे टाकले, पावशेर,
मग वर अजून चिमूटभर,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
उकार फुकट ना बापू?