दोन खणांची शेड

हातोद सोडलं की देपालपूरच्या रस्त्याला डावीकडे
आमची पत्र्याची शेड. खण दोन.
पहिल्यात ट्रॅक्टर, त्यावर वाद नाही.
दुसऱ्यात लसूण, भाव येईपर्यंत,
आणि भाव काही येत नाही.
अवजारं सात.

दर उन्हाळ्यात मी पायरीवर बसून ठरवते
आत कोण, आडोशाला कोण, उघड्यावर कोण.

भेरूलालचं शास्त्र सोपं आहे.
ज्याला बेअरिंग, त्याला छप्पर.
ज्याला रबर, त्याला सावली.
बाकी सगळं लोखंड.
"बाईसाब, यो तो हळ हे, इको कंई बिगड़े?"

पण पलटी नांगर शेतातून परततो तेव्हा
काळ्या मातीने घासून घासून
त्याच्या पात्याचा आरसा झालेला असतो.
त्यात पाहून मी एकदा टिकली सरळ केली होती.
हसू नका, घर लांब होतं.
तोच आरसा दोन रात्री दवात राहिला
की तिसऱ्या सकाळी तांबूस, खरबरीत,
आणि पुढच्या हंगामात माती त्याला सोडत नाही,
ढेकळं घेऊन लोंबत चालतो.
म्हणून इंजिनचं जळकं तेल आणि फाटका बनियन
हे खातं माझं. त्यात भेरूलालला हात लावू देत नाही.

रोटाव्हेटर कडुलिंबाखाली, विटांवर.
त्याच्यावर रामबागेतल्या निलांबरीने दिलेला फ्लेक्स,
तिच्या मुलाच्या लग्नातला.
हॉल रिकामा करताना म्हणाली, घेऊन जा, जाड आहे.
चौदा महिने झाले.
नवरा अजून स्वच्छ दिसतो,
नवरीच्या गालावर गिअरबॉक्सचा कोपरा टोचून टोचून
भोक पडलंय.
निलांबरी आली की मी तिला त्या बाजूला नेत नाही.

कल्टिव्हेटर उभाच. त्याच्या फणांवर
शेजारची लुगडी वाळतात.
ट्रॉली उलटी करून ठेवलेली, तिच्याखाली कुत्रीची पिल्लं,
म्हणजे कुणाला तरी छप्पर मिळालंच.

राहिलं पेरणीयंत्र.

ते तीन वर्षांपूर्वी अंतरसिंगने नेलं,
दोन दिवसांसाठी.
घरचे म्हणतात, आण. दीर म्हणतात, लोक हसतात.
भेरूलाल काही म्हणत नाही, फक्त त्या घरावरून जाताना
ट्रॅक्टर हळू करतो.

मी गेले होते मागायला. दिवाळीतच गेले, गोडाचं निमित्त करून.
वाक्य तोंडात तयार होतं.
तर त्याच्या गोठ्यालगत, पक्क्या भिंतीच्या खोलीत,
माझं यंत्र.
चार विटांवर उचललेलं,
नळ्या सोडवून, धुऊन, छताच्या कडीला बांधलेल्या
उंदरांच्या उडीच्या वर.
बियाण्याची पेटी कोरडी, आत कडुलिंबाचा पाला.
साखळीला ग्रीस.
आमच्याकडे असताना त्या पेटीत
एकदा गव्हाला मोड आले होते.

चहा प्याले. गुजिया दोन घेतल्या.
वाक्य तसंच परत आणलं.

आता कार्तिकात पेरणी आली
की मीच निरोप धाडते:
भाऊ, दोन दिवस तुमचं यंत्र मिळेल का?
"तुमचं" म्हणताना पहिल्या वर्षी जीभ अडली,
आता नाही अडत.
तो देतो. कधी नाही म्हणाला नाही, भाडंही मागत नाही.
स्वतः हुक लावून देतो, पिन दोनदा तपासतो,
आणि ट्रॅक्टर वळायच्या आत
मागून हाक येते,

दीदी, संध्याकाळपर्यंत आणून टाका हां,
हल्ली दव फार पडतंय,
बाहेर नका ठेवू.