इस्त्री

नऊ वर्षं आई सुपरिंटेंडेंटसाहेबांचे शर्ट इस्त्री करायची.
कॉलर कुठे काचते, खिशावर शाई कशी पाझरते,
तिला ठाऊक.
त्यांच्याकडे ती नुसती ऑर्फा.
टिस्डेल हे आडनाव त्यांनी पहिल्यांदा वाचलं
ते आमच्या अर्जावर, सव्वीस सह्यांत अकरावं.

सोमवारी कपड्यांचं गाठोडं आलं नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
मक्याच्या पिठात पाणी वाढत गेलं.

कोर्टात आम्हाला जागा वर, सज्जात.
खाली साहेब शपथेवर सांगत होते,
हॅलर्ड काउंटीतल्या दोन्ही शाळा सारख्याच.
आमच्या शाळेच्या भिंती डांबरी कागदाच्या;
त्यांची बस आमच्यावर धूळ उडवत जायची
तंबाखूच्या शेतांतून, सहा मैल.
आई कानाशी वाकली. वाटलं, रडतेय.
"बाही बघ त्याची," म्हणाली,
"कुणी केलीय इस्त्री? दोन-दोन घड्या."

निकाल लागला. त्यानंतर चार वर्षं काही झालं नाही.

मग एका सप्टेंबरात मी, एकटी, त्यांच्या शाळेत.
आईनं पहाटे माझ्या फ्रॉकच्या चुण्यांवर इतका वेळ लावला
की उशिराच्या भीतीनं मीच रडकुंडीला आले.

संध्याकाळी परतले तेव्हा पाठभर शाई.
कुणी, ते तिनं विचारलं नाही.
फ्रॉक कंदिलापाशी धरला, डाग अंगठ्यानं चाचपला,
जुन्या ओळखीचा असावा तसा.
आधी दूध. मग मीठ.
"चुलीजवळ टाकते," म्हणाली,
"सकाळपर्यंत वाळेल."