विस्तवाविना

चाळीस वर्षं मी भट्टीसमोर उभा राहिलो.
भुवया कायमच्या अर्ध्या जळलेल्या,
हातावरचे डाग बघून पोरं म्हणायची,
एउलोखियोच्या हातावर नकाशा आहे.
आता डॉक्टरीणबाई सांगतात,
डुकराची चरबी बंद, चीज बंद,
तळणाचं तर नावही काढू नका.
मग खायचं काय?
कागदावर काहीतरी खरडत त्या म्हणाल्या,
तुमच्या गल्लीत कासिल्दा राहते ना,
तिला विचारा.

ऑगस्ट. मालागामागच्या डोंगरातली दुपार.
चुन्याच्या भिंतींकडे बघवत नाही,
कुत्रीसुद्धा सावली बदलायला उठत नाहीत.
कासिल्दाच्या शेगडीवर जिरेनियमची कुंडी.
सप्टेंबरपर्यंत तिचीच जागा ती, म्हणाली.

वाडग्यात रात्रभर भिजलेले बदाम.
"चिमटीत धर. दाब."
पहिला टुणकन उडाला
आणि भिंतीवरच्या संताच्या काचेवर आपटला.
एक्याऐंशी वर्षांची बाई
टेबलाचा काठ धरून हसली.
बाकीचे सोलले मी मुकाट्यानं.
उघडे, ओले, बाळदातांसारखे.

मग खलात लसूण, एकच पाकळी,
तिच्या पोटातला हिरवा कोंब काढून,
"नाहीतर रात्रभर तोच बोलत बसतो."
मीठ. बदाम. बत्ता.
मिक्सर आहे तिच्याकडे, मुलीनं दिलेला,
खोक्यातून अजून बाहेर आलेला नाही.
तेल धारेनं नाही, थेंबाथेंबानं,
आणि घाई केलीस तर फाटेल, मग रडू नकोस.
मी घाई केली.
फाटलं.
तिनं चमचाभर गार पाणी घालून
भांडणातल्या दोघांना समजवावं तसं
पुन्हा एकत्र आणलं.

"आता पाव. कालचा."
तिनं फडक्यातून काढला,
पाण्यात बुडवला, पिळला, खलात टाकला.
या सगळ्यात विस्तव पाहिलेला
तो एकटाच.

कालचा पाव.
माझ्या दुकानात तो खालच्या फळीवर असायचा,
अर्ध्या किमतीत.
कासिल्दा यायची दुकान बंद व्हायच्या वेळेला,
नवरा जर्मनीत, पोरं चार,
नाणी मुठीत घामेजलेली.
"कोंबड्यांसाठी," म्हणायची, दरवेळी.
आणि मी कागदात गुंडाळताना विचारायचो,
कोंबड्या कशा आहेत?
"मजेत."
अंडी देतात का?
"देतात की."
नऊ उन्हाळे.

मी खिडकीतून मागचं अंगण बघितलं.
दोन बदामाची झाडं, एक दगडी हौद,
कपडे वाळत घालायची तार.
खुराडं कुठं असायचं, मी विचारलं.

ती द्राक्षं चिरत होती,
प्रत्येकाचे दोन भाग,
सुरीच्या टोकानं बी बाहेर.
मान वर न करता म्हणाली,
"शिरका घाल. जरा जास्तच घाल.
कोंबड्यांना आंबट आवडायचं."

मी शिरका घातला.
हात हलत होता, म्हणून जास्त पडला.
काय बोलणार होतो मी?
फुकट दिला असता, हे?
ते तर तिला तेव्हाही माहीत होतं,
म्हणूनच कोंबड्या पाळल्या होत्या तिनं.

पांढरं, दाटसर, गार.
वर द्राक्षं, तेलाचे दोन हिरवे ठिपके.
पहिला घोट जिभेवर कच्चाच लागतो,
रागावल्यासारखा,
मग बदाम हळूहळू मवाळ होतो,
आणि सगळ्यात शेवटी, अगदी तळाशी,
भाजलेल्या कवचाची एक पुसट चव येते,
जी मी ओळखतो.
म्हणजे माझी भट्टी नाही ती,
माझी कधीच बंद झाली,
आता गाडी येते खालच्या गावाहून.
तरीही.

अजूनही मला पहाटे तीनला जाग येते.
सवय. हात पीठ शोधतात.
आता उठतो, मुठीनं मोजून बदाम घेतो,
अंधारातच वाडग्यात टाकतो,
पाणी ओततो.
चार मुठी.
मला दोनच लागतात.